गोव्याचे बाजार बघायचेत? मग हॉटेलच्या आधी वार ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरच्यांसोबत चार-पाच दिवस गोव्यात आहोत, बीच आणि क्रूझ आधीच झालेत, या वेळी लोकल बाजार बघायचेत, खाण्याचे, हातकामाचे, फ्ली मार्केट पण, तर कुठे जावं, तिथलं खरं काय आणि टुरिस्टसाठी मांडलेलं काय हे कसं ओळखावं आणि येताना काय आणावं. मी बरीच वर्षं छोट्या ग्रुप्सना गोव्याच्या बाजारांतून फिरवते, हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी तारखा. गोव्यातले बघण्यासारखे बाजार आठवडी आहेत. साखळीला सोमवार, डिचोलीला बुधवार, बाणस्तारीला गुरुवार आणि म्हापशाला शुक्रवार. हणजुण्याचं, म्हणजे अंजुनाचं, फ्ली मार्केट पण बुधवारीच. म्हणजे मंगळवारी रात्री पोचून शनिवारी निघालात तर बुधवारी सकाळी डिचोली, संध्याकाळी हणजुणे, गुरुवारी बाणस्तारी, शुक्रवारी म्हापसा, सगळं आरामात होतं. आणि सगळे करतात तसं शुक्रवारी रात्री निघून रविवारी परत, असं केलंत तर यातलं एकही हाताला लागत नाही, मग लोक परत येऊन सांगतात की गोव्यात आता लोकल काही उरलंच नाही. उरलंय हो, भरपूर उरलंय, पण ते वीकेंडला नसतं.

आता म्हापसा, कारण एकच बाजार करणार असाल तर हाच करा. इथलं मार्केट आठवडाभर चालूच असतं पण शुक्रवारी आसपासच्या गावांतून, बार्देश, पेडणे, डिचोली तालुक्यांतून बायका आपापला माल घेऊन येतात आणि पक्क्या दुकानांच्या बाहेर, गल्ल्यांत, पायऱ्यांवर, मिळेल तिथे बसतात. सकाळी साडेसात-आठला पोचा. अकरानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही असह्य होतं, आणि मुख्य म्हणजे जिच्याकडे थोडाच माल असतो ती तोवर विकून घरी गेलेली असते, आणि तुम्हाला तिलाच तर भेटायचंय.

माझं सगळं सांगणं खरं तर या एकाच मुद्द्यावर आहे. बाजारात माल बघायच्या आधी विकणारी बघा. ओट्यावर बसलेला, मागे पोत्यांची थप्पी, समोर एकसारखा टोमॅटो, एकसारखी सिमला मिरची, तो व्यापारी. त्यात वाईट काही नाही, गोव्याची भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून चोर्ला घाटातून येते, त्याशिवाय गोवा जेवणारच नाही. पण ती भाजी तुम्हाला पुण्यातही मिळते. जमिनीवर गोणपाट टाकून बसलेली, समोर चार पपनस, दोन घड केळी, थोडी अळूची पानं, एका कागदावर तिरफळं, एक बाटली व्हिनेगर, असा कशाचा कशाला मेळ नसलेला माल, ती परसातलं घेऊन आलेली आहे. मालात जितकी सरमिसळ आणि जितका तो कमी, तितका तो तिच्या घरचा असण्याची शक्यता जास्त.

आणि विचारायचं कसं? "गावठी आहे का?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. "खंयचें?" एवढंच विचारा, म्हणजे कुठलं. पिकवणारी बाई गावाचं नाव सांगते आणि बहुतेक वेळा वाडासुद्धा सांगते, वर ते झाड कुणी लावलं ते पण सांगेल. व्यापारी म्हणेल गोव्याचंच आहे. बाकी मराठी सगळ्यांना समजतं, हाक मारायला मावशी चालतं, कोकणीतले दोन शब्द आले तर चेहरा खुलतो तो वेगळाच.

म्हापशात काय काय बघायचं ते सांगते. केळ्यांची वेगळी रांग असते, त्यात मयड्याची केळी शोधा, लांब आणि जाडजूड असतात, त्यांना जीआय टॅग आहे, म्हणजे ही वस्तू त्याच भागातली अशी सरकारी ओळख. माडाचा गूळ बघा, माडाच्या रसापासून, म्हणजे सुरेपासून करतात, काळपट रंगाचे छोटे पिरॅमिड मांडलेले असतात, लोक त्याला चॉकलेट समजून पुढे जातात. दोदोल ही गोव्याची मिठाई याच गुळाची होते. चव उसाच्या गुळासारखी सपाट गोड नसते, थोडी धुरकट असते, एक खडा तोंडात टाकून बघा आणि मगच घ्या. या सुरेचंच व्हिनेगरही मिळतं, जुन्या दारूच्या बाटल्यांत भरलेलं असतं म्हणून बघून दचकायला होतं. ते थोडं गढूळ असतं आणि तळाशी साका असतो. काचेसारखं स्वच्छ आणि नाकात नुसतंच झोंबणारं असेल तर ते बहुधा कारखान्यातल्या ॲसिडचं.

मिरच्यांवर जरा थांबते कारण माझ्या मते गोव्यातून आणण्यासारखी ही पहिली वस्तू. काणकोण तालुक्यातल्या खोला गावाच्या डोंगरउतारावर फक्त पावसाच्या पाण्यावर पिकणारी खोल्याची मिरची, पेडण्याकडची हरमलची मिरची, दोघींनाही जीआय मिळालाय. खोल्याच्या मिरचीचा रंग इतका सुंदर उतरतो की माशाला भरायचा रेशाद मसाला असो की आंबटतीख कालवण, रंगासाठी दुसरं काही घालावं लागत नाही आणि तिखटपणा मध्यम, आपल्या घरात लहान मुलंही खातात असा. घेताना मूठभर हातात घेऊन हलवा, आतल्या बिया खुळखुळल्या पाहिजेत, म्हणजे नीट वाळलीय. देठ जागेवर हवा. पांढुरके डाग असतील तर ओल लागलीय, ती घेऊ नका, घरी जाऊन बुरशी येईल. आणि एक सांगते, बाजारात गोव्याची म्हणून बॅडगीही विकली जाते, बॅडगी लांब आणि सुरकुतलेली असते, दोन्ही शेजारी ठेवून एकदा बघितली की पुन्हा फसत नाही.

कोकम म्हणजे आमसुलं काळसर, मऊ, किंचित चिकट हवीत, कडक झालेली गेल्या सीझनची असतात. नवीन माल मे-जूनमध्ये येतो.

चोरीस, म्हणजे गोवन सॉसेज, पोर्क खात असाल तर म्हापशाची ती गल्ली चुकवू नका. मण्यांच्या माळांसारखं लटकवलेलं असतं. मिरची, लसूण, मीठ, व्हिनेगर लावलेलं मांस उन्हात किंवा धुरावर वाळवतात, म्हणून पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यातलं चांगलं. हाताला घट्ट लागलं पाहिजे, बुळबुळीत नको. शिजवताना तेल घालायचं नाही, थोडं पाणी आणि भरपूर कांदा, चरबी आपोआप सुटते. सोबत पोई घ्या, म्हणजे कोंड्याचा पाव, आतून पोकळ. ती बाजारातून घेण्यापेक्षा राहाल त्या गावात सकाळी किंवा संध्याकाळी सायकलवर भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो त्याच्याकडून घ्या. आणि पॅकिंगचं आधी ठरवा, चोरीस तीन पिशव्यांत गुंडाळलं तरी पूर्ण बॅगेला वास लागतो, कपड्यांसोबत अजिबात ठेवू नका.

काजूबद्दल नाखुशीनेच लिहितेय पण लिहायला हवं. हायवेवरच्या मोठ्या झगमगीत दुकानांत जो काजू गोव्याचा म्हणून विकतात त्यातला बराचसा कच्चा माल आफ्रिकेतून आलेला असतो, इथे फक्त प्रोसेस होतो. गोव्याच्या काजूला जीआय मिळवून द्यायची धडपड याच कारणाने झाली. पाकिटावर नीट वाचा, सालीसकट भाजलेला असेल तर प्राधान्य द्या. आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर ओले काजू, इथे बिबे म्हणतात, बायका सोलून मोजून विकतात, ते पाहिले की बाकी सगळं सोडून तेच घ्या. एकेक बी चिकापासून सांभाळत सोलावी लागते, बोटं भाजतात त्यांची, त्यामुळे किंमत ऐकून तोंड वाकडं करू नका.

आता कधी जायचं, कारण वार जितका महत्त्वाचा तितकाच महिना. बहुतेक लोक डिसेंबरात जातात, बाजाराच्या दृष्टीने तो ठीकठाक महिना आहे. माझ्या आवडीचे दोन काळ वेगळेच आहेत.

एक, एप्रिल-मे. पावसाळ्याची बेगमी करायचा काळ, गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात. पूर्वी पावसात चार महिने बाहेर पडणं मुश्कील, मासेमारी बंद, म्हणून सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, चिंच, मीठ, कांदे, उकडे तांदूळ सगळं मेमध्ये भरून ठेवायचे. आजही यांत्रिक बोटींच्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असतेच, त्यामुळे ही गरज पूर्ण गेलेली नाही. म्हापशाला ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त (चर्चचा उत्सव) असतं, तेव्हा मोठी फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते, आणि या सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात म्हणून हिंदूसुद्धा तेल घेऊन दर्शनाला रांगेत असतात. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या वेळी पुरुमेंताची फेरी भरते. ऊन मरणाचं असतं, खोटं कशाला सांगू, पण सुक्या बांगड्यांपासून मातीच्या भांड्यांपर्यंत गोव्याचं अख्खं स्वयंपाकघर रस्त्यावर मांडलेलं बघायचं तर हाच काळ. शिवाय मानकुराद आंबा. रत्नागिरीवाल्यांनी रागावू नये पण एकदा खाऊन बघाच.

दुसरा काळ गणेश चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस. गोव्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात, लाकडी चौकट आणि तिला रानातली आणि परसातली फळं, भाज्या, फुलं, सुपारीचे घोस, नारळाचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, कांगलां, करमल, कवंडाळ. या सामानाचा खास बाजार म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, डिचोली सगळीकडे भरतो. कांगलांचे नारिंगी घोस तर मी दुसऱ्या कुठल्या बाजारात विकायला पाहिलेले नाहीत. सत्तरी, सांगे, काणकोणकडची माणसं रानात फिरून हे गोळा करतात, आणि कुठलं फळ कुठे येतं, कशाला उपयोगी, हे ज्ञान त्यांच्याकडेच आहे. सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं, लोक शेकडो प्रकारच्या वस्तू बांधतात. निसर्गाची थोडी जरी आवड असेल तर हा बाजार एखाद्या म्युझियमपेक्षा जास्त शिकवतो, फक्त त्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा प्रश्न कमी विचारा आणि बघत राहा.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर रानभाज्या, तायकिळो म्हणजे आपला टाकळा, किल्ल म्हणजे बांबूचे कोंब, आकूर, फागलां म्हणजे कंटोली. आणि वारुळावरची अळमी, म्हणजे अळंबी. अळमी पानांत बांधून विकतात, भयंकर महाग असतात आणि चव खरंच तशी असते, पण मागणीमुळे ती उमलायच्या आधीच उपटली जातायत आणि अभयारण्यातून काढायला बंदी आहे, म्हणून मी माझ्या ग्रुप्सना ती घ्यायला सांगत नाही. बघा, विचारा, बस्स.

बाणस्तारी आणि डिचोली दोन्ही छोटे बाजार आहेत, दोन तासांत होतात. बाणस्तारी पणजी-फोंडा रस्त्यावर पुलाजवळ, माशेल-खांडोळ्याकडच्या कुळागरांतला, म्हणजे सुपारीच्या बागांतला, माल तिथे येतो, सुपारी, मिरी, केळी, विड्याची पानं, मोसमाप्रमाणे फणस. डिचोलीला मातीची भांडी. कालवणाचं कुंडलं घेणार असाल तर बोटाच्या पेराने वाजवून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे तडा. रंगवलेलं, चकचकीत पॉलिश केलेलं भांडं शोभेला, स्वयंपाकाला साधंच घ्यायचं. घरी आणलं की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिल्यांदा त्यात भाताची पेज उकळून टाका, मग आंबट घालायला हरकत नाही.

हातकामाबद्दल बाकी असं की ते बाजारात कमी आणि घरांत जास्त सापडतं. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं लाखेचं लाकूडकाम, पाट, खेळणी, पाळण्यावरची चिमणाळी, रंग लाखेचा असतो म्हणून नखाने खरवडून निघत नाही. कुणबी साडी म्हणजे लाल चौकड्यांची सुती, मागावरची जवळजवळ बंदच पडली होती, फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा पुढे आणलं, आता त्याच चौकड्यांची मशीनवरची नक्कल भरपूर मिळते. म्हणून एक करा, बाजारात जायच्या आधी सरकारी हस्तकला महामंडळाच्या 'अपरान्त' एम्पोरियममध्ये एक चक्कर मारा. तिथे घेतलंच पाहिजे असं नाही, पण खरी वस्तू हाताला कशी लागते हे कळतं आणि मग बाजारातली नक्कल लांबूनच ओळखू येते.

हणजुण्याचं बुधवारचं मार्केट. हे 1970च्या दशकात हिप्पी लोकांनी सुरू केलं, गोव्यात राहायला पैसे हवेत म्हणून स्वतःचे कपडे, कॅमेरे, गिटार विकायचे. आज तिथले बहुतेक विक्रेते राजस्थान, गुजरात, कर्नाटक, काश्मीरचे आणि तिबेटी आहेत. म्हणून तिथे गोव्याची वस्तू शोधू नका, निराश व्हाल. लमाणी बायकांचं आरसेकाम मात्र बघण्यासारखं असतं. कापड उलटं करा, मागचे टाके कमीजास्त, गाठी दिसतायत म्हणजे हाताचं, सगळं एकसारखं सरळ म्हणजे मशीनचं. आरसा काचेचा आहे की प्लास्टिकचा हे गालाला लावून बघा, काच थंड लागते. चांदीचे म्हणून जे दागिने असतात ते हॉलमार्क नसेल तर दिसायला आवडले म्हणून घ्या, चांदीच्या भावाने नाही. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा सीझन, पावसाळ्यात बंद. हडफड्याचं शनिवार रात्रीचं मार्केट पण सीझनलाच असतं, खाणं आणि म्युझिकसाठी छान, पण कधी उशिरा सुरू होतं, जायच्या आधी हॉटेलवाल्याला विचारून घ्या.

घासाघीस. इथे मी ठाम आहे. हणजुण्याला खुशाल करा, पहिला भाव टुरिस्ट बघूनच सांगितलेला असतो, त्यांनाही ते अपेक्षित असतं, हसत करा म्हणजे झालं. पण जमिनीवर बसलेल्या बाईकडे नको. ती पहाटे उठून बसने टोपली घेऊन आलेली असते, तिचा पूर्ण माल विकला गेला तरी तुमच्या एका जेवणाच्या बिलाएवढे होत नाहीत. भाजी-मासळी वाट्यावर असते, एका वाट्याऐवजी दोन वाटे घ्या आणि वर थोडं घाला म्हणा, ती आपणहून मूठभर टाकते. फोटो काढायचा तर आधी काहीतरी घ्या, मग विचारा, नाही म्हणाली तर मोबाईल खिशात. यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालतं पण या बायकांसाठी दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ठेवा.

तीन कायद्याच्या गोष्टी, कारण लोकांना माहीत नसतात आणि मग त्रास होतो. गोव्यातून दारू, त्यात फेणी आणि काजूच्या बोंडांचं उर्राकही आलं, महाराष्ट्रात विनापरवाना आणणं गुन्हा आहे, बॉर्डरवर गाड्या तपासतात. फेणीला 2009 मध्येच जीआय मिळालाय, चव घ्यायची तर गोव्यातच घ्या, मार्च-एप्रिल-मेमध्ये उर्राक आणि ज्यांना दारू नको त्यांच्यासाठी काजूच्या बोंडांचा ताजा नीरो. दुसरं, प्रवाळ आणि काही मोठे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, बीचवर कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. तिसरं, जुन्या वस्तूंच्या दुकानात शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वगैरे सांगून काही दाखवलं तर लांब राहा, अशा पुराणवस्तूंच्या विक्रीला लायसन्स आणि नोंदणी लागते, आणि बहुतेक वेळा ती जुनी नसतेच.

सोबत मुलं आहेत म्हणालात, तर त्यांना प्रत्येकी थोडे पैसे द्या आणि सांगा की ज्याचं नाव माहीत नाही अशी एक खायची वस्तू शोधून, विचारून, विकत घेऊन या. म्हापशात हे मी नेहमी करते, मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं शोधतात आणि बायका त्यांना हौसेने सांगतात. सामानासाठी दोन कापडी पिशव्या, एक जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा सुक्या मासळीसाठी आणि मातीची भांडी घेणार असाल तर जुने टॉवेल घरूनच घ्या. भांडं कपड्यांच्या बॅगेत नको, हातात घेऊनच प्रवास करा. महिना कुठला आहे तेवढं कळवा, त्याप्रमाणे कुठल्या दिवशी कुठे जेवायचं ते पण सांगते.